चाच्याचे सोंग

शाळांच्या स्नेहसंमेलनाचा किंवा शिवजयंतीच्या मिरवणुकीचा हंगाम आला, की किनाऱ्यावरच्या गावांतून एक प्रश्न हमखास निघतो. समुद्रावरचा एखादा देखावा बसवायचा आहे. एक गलबत हवे, दहाबारा खलाशी हवेत आणि एक चाचा हवा. चाचा सजवायचा कसा, याचे उत्तर मात्र सर्वांच्या ओठांवर तयार असते. एका डोळ्यावर काळी पट्टी, हाताच्या जागी आकडा, गुडघ्यापर्यंत कातडी बूट, खांद्यावर पोपट आणि मागे कवटीचे काळे निशाण. झाला चाचा!

आमच्या दशावतारात संकासुराचे काळे सोंग रंगमंचावर आले, की पोराटोरांनाही तो ओळखू येतो. सोंगाला खुणा लागतात, हे खरेच आहे. पण या खुणा आणल्या कोठून, हे एकदा विचारून पाहायला काय हरकत आहे? एका पायाचा, खांद्यावर पोपट घेतलेला चाचा स्टीव्हन्सन या स्कॉटिश लेखकाच्या ‘ट्रेझर आयलंड’ या कादंबरीतून घरोघर पोचला. ती पुस्तकरूपाने 1883 साली निघाली. चाच्याचे कपडे कसे असावेत, हे पुष्कळसे हॉवर्ड पाइल नावाच्या अमेरिकन चित्रकाराने ठरवले. त्याने काढलेली चित्रे पुढे चित्रपटवाल्यांनी समोर ठेवली. आणि घोगऱ्या आवाजातले ते ‘आर्‌र’ म्हणे चाच्यांचे बोलणे! ते तर 1950 सालच्या चित्रपटातील रॉबर्ट न्यूटन या नटाचे, इंग्लंडच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील गावठी हेल काढून केलेले बोलणे आहे. तेव्हा हे सोंग ना कॅरिबियन समुद्रातल्या खऱ्या लुटारूंचे, ना आपल्या दर्याचे. ते छापखान्याचे आणि पडद्याचे आहे. मौज म्हणून कोणी घेतले तर त्यात पाप नाही. पण मालवणच्या किंवा वेंगुर्ल्याच्या मुलाने ते घालून सिंधुदुर्गासमोर उभे राहावे, म्हणजे थोडे चमत्कारिक होते. कारण या किनाऱ्याच्या माणसांना एके काळी खरोखरच चाचे म्हटले गेले आहे, आणि ते का, ही गोष्ट त्या काळ्या पट्टीआड झाकली जाते.

1737 साली लंडनमध्ये क्लेमेंट डाउनिंग नावाच्या माणसाचे एक पुस्तक निघाले. हा गृहस्थ स्वतः मुंबईच्या इंग्रजी जहाजांवर नोकरीला होता. पुस्तकाच्या नावातच त्याने ‘आंग्रे, चाचा’ असा शिक्का मारून ठेवला आहे. कान्होजी आंग्रे हे छत्रपतींचे सरखेल, म्हणजे आरमाराचे मुख्य; पण लंडनच्या वाचकाला ते समुद्रावरचे दरोडेखोर म्हणूनच ठाऊक झाले. पुढे करवीरकरांच्या ताब्यात सिंधुदुर्ग असताना तेथून निघणाऱ्या गलबतांवरील लोकांना इंग्रज नुसते ‘मालवणी’ म्हणत. त्यांच्या कागदांत या शब्दाचा अर्थ गावचा रहिवासी असा नव्हे, तर चाचा असाच असे.

यात भांडण होते ते कागदाच्या एका तुकड्यावरून. सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले आणि त्यांनी असा नियम घातला, की या समुद्रातून जाणाऱ्या प्रत्येक तारवाने आमचा परवाना घ्यावा. त्याला ते कार्ताझ म्हणत. परवाना नसेल तर माल जप्त. समुद्र त्यांचा कोणी केला होता? कोणीही नाही, तोफा त्यांच्याजवळ होत्या, एवढेच. मग ज्याच्याजवळ आरमार आले, त्याने त्याने आपला परवाना काढला. मराठ्यांचे ते दस्तक किंवा कौल. व्यापाऱ्याने ठरलेली रक्कम भरावी, दस्तक घ्यावे आणि खुशाल जावे. त्या पाण्यात त्याचे रक्षण करणे ही आरमाराची जबाबदारी. इंग्रज आपल्या कंपनीच्या जहाजांना यातून सूट मागत. शिवाय हिंदी व्यापाऱ्यांचा मालही आपल्या निशाणाखाली नेत आणि त्यालाही सूट मागत. कान्होजींचे म्हणणे साधे होते. तुमचे जहाज ते तुमचे, पण दुसऱ्याचा माल तुमच्या निशाणाआड लपवून नेऊ देणार नाही. पोर्तुगिजांनी जहाज अडवले तर तो कायदा, आणि आंग्र्यांनी अडवले तर ती चाचेगिरी, असा हा हिशेब होता.

आता दुसरी बाजूही पाहा. 1695 साली हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने औरंगजेबाचे ‘गंज-इ-सवाई’ हे मक्केहून परतणारे प्रचंड जहाज लुटले. यात्रेकरूंवर जे अत्याचार झाले, त्यांची हकीकत खाफीखानाने लिहून ठेवली आहे. बादशहाला इंग्रज व्यापारी कोणते आणि इंग्रज चाचे कोणते, हे वेगळे करून बघायचे कारण दिसेना. सुरतेच्या वखारीतले इंग्रज बेड्या घालून बसवले गेले. त्यानंतर दोनच वर्षांनी कॅप्टन विल्यम किड आपल्या किनाऱ्यावर आला. हा तर चाच्यांना पकडण्याचे सरकारी पत्र खिशात घालून आलेला! कारवारला थांबला, गोव्याहून पाठवलेल्या पोर्तुगीज लढाऊ जहाजांशी त्याची झटापट झाली, आणि 1698 च्या जानेवारीत ‘केदा मर्चंट’ हे जहाज धरून तो स्वतःच चाचा ठरला. 23 मे 1701 रोजी लंडनला त्याला फाशी दिले. तेव्हा हौशी मंडळींना अगदी अस्सल युरोपीय चाचाच करून दाखवायचा असेल, तर आपल्या समुद्रात त्यालाही जागा आहे. एव्हरी करा, किड करा. फक्त त्याला मालवणी म्हणू नका.

मात्र येथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आपले ते आरमार आणि दुसऱ्याचे ते चाचे, असा उलटा हिशेब मांडणेही बरोबर नाही. 1665 च्या फेब्रुवारीत शिवाजीमहाराज मालवणहून पंच्याऐंशी लहान लढाऊ गलबते आणि तीन मोठी जहाजे घेऊन दक्षिणेस बसरूरवर गेले आणि त्यांनी ते श्रीमंत बंदर लुटले. ती राज्याची स्वारी होती, हे खरे. पण बसरूरच्या व्यापाऱ्याला त्या सकाळी हा फरक कितपत जाणवला असेल? 1712 साली आंग्र्यांच्या आरमाराने मुंबईच्या गव्हर्नरची एक नाव पकडली. तिच्यात कारवारच्या वखारीचा नवा अधिकारी चाऊन होता, तो मारला गेला, आणि त्याची तरुण बायको कॅथरीन कैदेत पडली. तीस हजार रुपये घेऊन तिला सोडले. आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस, जेव्हा मध्यवर्ती सत्ता ढिली पडली आणि करवीरकर व सावंतवाडीकर आपसांत लढत होते, तेव्हा या किनाऱ्यावरून निघणारी सगळीच गलबते काही दस्तक तपासायला निघत नव्हती. पोटासाठी आणि लोभासाठीही लूट झाली. 1765 साली इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला, त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले, आणि परवडेना म्हणून पुढच्याच वर्षी परत केला. अखेर 1812 साली करवीरकरांनी मालवणचे बंदर सिंधुदुर्गासकट आणि सावंतवाडीकरांनी वेंगुर्ले इंग्रजांना दिले. कारण म्हणून चाचेगिरीचा बंदोबस्तच सांगितला गेला. ते नाव या किनाऱ्याला अशा रीतीने चिकटले, की ते बंदर घेण्याला पुरेसे ठरले. एका शब्दाची किंमत एवढी होऊ शकते. म्हणून सोंग घेताना शब्द तपासून घ्यावा, असे माझे म्हणणे आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. देखावा खरा कसा करायचा?

पहिली गोष्ट जहाजाची. पुठ्ठ्याचे तीन मजली जहाज, त्याला चौकोनी शिडांच्या ओळी आणि कडेला तोफांच्या खिडक्यांच्या दोन-दोन रांगा, हे चित्र विसरा. तसली जहाजे समोरच्या पक्षाची. आपली दोन नावे लक्षात ठेवावीत, गुराब आणि गलबत. रॉबर्ट ओर्म या इंग्रज इतिहासकाराने आंग्र्यांच्या या दोन्ही जातींचे इतके बारीक वर्णन करून ठेवले आहे, की एखाद्या सुताराने ते ऐकून नमुना उभा करावा. शत्रूने केलेले वर्णन म्हणून त्याची किंमत अधिक.

गुराबेला बहुधा दोन डोलकाठ्या, क्वचित तीन. दोन काठ्यांची गुराब दीडशे टनांपर्यंतची आणि तीन काठ्यांची तीनशेच्या आसपास. लांबीच्या मानाने रुंदी पुष्कळ, आणि बूड असे, की थोड्या पाण्यातही चालावे. मध्यापासून पुढे ती निमुळती होत जाते, आणि नाळेच्या जागी लांब चोच पुढे आलेली असते. या चोचीला कठडा नसतो. का नसतो, ते समजून घेण्यासारखे आहे. समोरून लाटा आल्या की अशी नाव नाक खुपसते; कठडा असता तर पाणी आत साचले असते. उघडी असल्यामुळे आलेले पाणी सरळ वाहून जाते. चोचीच्या मागे लाकडी भिंत आणि त्या भिंतीला दोन भोके. त्यांतून दोन मोठ्या तोफा पुढे तोंड करून चोचीवरून मारा करतात. या नऊ किंवा बारा पौंडी, म्हणजे गोळ्याचे वजन सुमारे चार ते साडेपाच किलो. बाजूच्या तोफा सहा ते नऊ पौंडी. तेव्हा नमुना करताना तोफांचा भर कडेला न देता तोंडाशी द्यावा. एवढा एक फरक केला, तरी जाणत्या माणसाला लांबून कळते की ही गुराब आहे.

गलबत म्हणजे तिचीच धाकटी बहीण. मोठ्यात मोठे सत्तर टनांचे. दोन काठ्या, पण मागची अगदी बारीक. पुढच्या काठीवर एकच भले मोठे त्रिकोणी शीड, आणि ते चढवले म्हणजे त्याचे टोक काठीच्याही वर जाते. हलकेपणासाठी वरची तक्तपोशी पुष्कळदा चिरलेल्या बांबूंची असे. अशा गलबतावर तोफा नसत, कडेला फिरत्या खुंटीवर बसवलेले जंबुरे असत. मोठ्या गलबतावर मात्र पक्की तक्तपोशी आणि दोन ते चार पौंडी सहा-आठ तोफा. आणि वल्ही? चाळीस-पन्नास! वारा पडला तरी ताशी चार मैल.

या चार मैलांतच सगळी युक्ती होती. वारा पडला म्हणजे विलायती जहाज म्हणजे बुडात मेख मारलेला म्हैसा. ते हलत नाही. गलबते मग गुराबांना दोर लावून ओढत आणत, त्याच्या पाठीमागे नेऊन उभ्या करत, कारण पाठीकडे तोफा थोड्या. तेथून मारा शरीरावर नव्हे, तर डोलकाठ्यांवर. काठ्या पडल्या की जहाज आंधळे-पांगळे झाले. मग माणसांनी गच्च भरलेली गलबते चहूकडून भिडत आणि तलवारी उपसून माणसे वर चढत. 1679 साली खांदेरीलाही हेच दिसले. कंपनीचे ‘रिव्हेंज’ हे लढाऊ जहाज समोर असूनसुद्धा मराठ्यांच्या लहान नावा बेटावर सामान पोचवत राहिल्या, आणि 18 ऑक्टोबरच्या लढाईत ‘डव्ह’ नावाची इंग्रजी नाव त्यांनी धरून नेली.

हे सगळे अपघाताने घडत नव्हते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर एक प्रकरण आहे, ते हौशी मंडळींनी मुळातून वाचावे. भाषा जुनी आहे, पण दोनदा वाचली की उलगडते. त्यात स्पष्ट सांगितले आहे, की गुराबा मध्यम बेताच्या बांधाव्यात. वाऱ्यावाचून निकामी होणारी मोठाली जहाजे बांधायचे कारण नाही. पाच गुराबा आणि पंधरा गलबते मिळून एक सुभा करावा. गनिमाने लढाई सोडली असे दाखवले, तरी एकदम त्याच्या जवळ जाऊ नये. व्यापाऱ्यांच्या तारवांना कौल नसेल, तर त्यांना बंदरात आणावे, धीर द्यावा, जकात घ्यावी. नासधूस करू नये. पावसाळ्यात आरमाराची छावणी दरवर्षी एकाच बंदरात करू नये, कारण आरमारी लोकांचा जाच त्या एका गावाला किती वर्षे सोसवणार? आपल्याच खलाशांबद्दल एवढा खरा बोलणारा कारभारी विरळा. आणि लाकडासंबंधीची आज्ञा तर प्रसिद्धच आहे. आंबा-फणसाची लाकडे आरमाराच्या कामाची खरी, पण ती झाडे रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात, त्यांना हात लावू नये. अगदी जीर्ण झालेले झाड असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन तोडावे. चाच्यांच्या टोळीला अशा नियमांचे पुस्तक कशाला लागेल?

नमुना बांधणाऱ्यांना थोडे सामानाविषयी. दोर काथ्याचे वापरा. नायलॉनचा निळा दोर दुरूनही डोळ्यांत खुपतो. काथ्या खाऱ्या पाण्यात कुजत नाही आणि पाण्यावर तरंगतो, म्हणून तर या किनाऱ्यावर त्याचे राज्य होते. फळ्यांच्या फटी कापूस आणि राळ घालून बुजवत, वरून तेल देत. उंडीच्या बियांचे तेल आजही जुन्या जाणत्यांना माहीत आहे. त्याचा हात दिला की पुठ्ठ्यालासुद्धा लाकडाची तकाकी येते, मात्र वास काही दिवस घरात राहतो, तेव्हा घरच्यांना आधी विचारा! निशाण भगवे. कवटीचे नव्हे.

पोशाखाबद्दल फार वाद घालण्यात अर्थ नाही. आरमाराला आजच्यासारखा एकसारखा गणवेश नव्हता. भंडारी, गाबीत, कोळी, खारवी, मराठे, मुसलमान असे सर्व जातींचे लोक त्यात होते. शिवाजीमहाराजांच्या आरमाराचे सरदारच मायनाक भंडारी आणि दौलतखान. वल्ही मारणारा माणूस कासोटा घालून, उघड्या अंगाने, डोक्याला फडके गुंडाळून बसेल. सरदाराला अंगरखा, शेला, मुंडासे. पाय सर्वांचे अनवाणी. ओल्या तक्तपोशीवर कातडी बूट घालून उभे राहून पाहा, म्हणजे कारण कळेल. आणि पाण्यात पडलात तर ते बूटच तुम्हांला तळाशी नेतील. कानात बाळी मात्र चालेल. ती चित्रपटाच्या आधीपासून आपली आहे. सिंधुदुर्गातील शिवराजेश्वराच्या देवळात महाराजांची मूर्ती आहे, ते देऊळ राजाराममहाराजांनी 1695 साली बांधले असे सांगतात. त्या मूर्तीच्या डोक्यावरचा टोप नेहमीच्या चित्रातल्या जिरेटोपासारखा नाही. लोक त्याला नावाड्याचा टोप म्हणतात. पोशाख ठरवण्यापूर्वी तो एकदा बघून यावा.

हत्यारांत तलवार, ढाल, भाला, तोड्याची बंदूक. तोडा म्हणजे जळती वात. एका हातात जळती वात आणि पायाशी दारूची पेटी, अशी ती माणसे उभी असत, हे ध्यानात आले म्हणजे त्यांच्या चेहऱ्यावरचा भाव आपोआप नटाच्या चेहऱ्यावर येईल. मात्र खरी वात, खरी दारू किंवा फटाके नावेवर नेऊ नका. धारेची तलवारही नको, लाकडी करा; कायद्याचीही कटकट नाही आणि बोटेही शाबूत राहतात. आगीचे नाव काढले म्हणून सांगतो. 1756 च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर चालून आले. तुळाजी आंग्र्यांचे आरमार किल्ल्याच्या आश्रयाला दाटीने उभे होते. त्यांत कंपनीचेच पूर्वी पकडून आणलेले ‘रिस्टोरेशन’ हे जहाज होते. एक पेटता गोळा त्याच्यावर पडला, आग शेजारच्या गुराबेला लागली, तिच्यापासून पुढच्या, आणि संध्याकाळपर्यंत सारे आरमार जळून गेले. पेशव्यांनी या मोहिमेत इंग्रजांशी हातमिळवणी केली होती, हे आणखी एक दुखणे. त्या एका संध्याकाळनंतर आंग्र्यांचे आरमार पुन्हा उभे राहिले नाही. विजयदुर्गाजवळच्या गिर्ये गावी खडकात कोरलेली त्यांची गोदी अजून पाहायला मिळते. भरतीला जहाज आत घ्यायचे, ओहोटीला दुरुस्त करायचे. नमुना करणाऱ्याने तेथे अर्धा दिवस घालवावा.

खाण्याचे पाहा. देखाव्यात खलाशांच्या हाती चहाचा पेला दिसला, की सगळा खेळ खलास! चहा, टोमॅटो ही आपल्या घरात फार अलीकडची पाहुणी. तांदूळ, पेज, सुके मासे, नारळ, गूळ, कुळीथ, आमसूल हे खरे. तिखटात मिरची चालेल, ती पोर्तुगिजांबरोबर येऊन तोवर रुळली होती. पिण्याचे पाणी ही मोठी चिंता, आणि सिंधुदुर्गाचा बळकटपणा तटाइतकाच त्याच्या गोड्या विहिरींत आहे. भोवती खारा समुद्र आणि आत दूधबाव, साखरबाव, दहीबाव. नावेवर पाण्याचे मडके जपणारा एक माणूस दाखवा. तलवारवाल्यांपेक्षा लोक त्याच्याकडे अधिक पाहतील.

आता प्रत्यक्ष पाण्यावर काही करायचे असेल तर. 4 डिसेंबर 2023 रोजी भारतीय नौदलाने आपला नौदल दिन सिंधुदुर्गाच्या साक्षीने तारकर्लीच्या किनाऱ्यावर साजरा केला, तेव्हा लढाऊ जहाजांची आणि विमानांची प्रात्यक्षिके हजारो लोकांनी पाहिली. ते पाहून आपणही दोन होड्या घेऊन उतरावे, असे वाटणे साहजिक आहे. पण मालवणचे बंदर दिसते तसे सरळ नाही. किल्ल्याभोवती पाण्याखाली खडकांची जाळी आहेत आणि त्यांतून जाणारी वाट अरुंद आहे. शत्रूची जहाजे लांबच थांबत, त्याचे हेही एक कारण. तेव्हा सुकाणूवर गावातलाच जाणता तांडेल बसवावा आणि तो म्हणेल तसे करावे. तुम्ही देखाव्यात सरखेल असलात तरी! वेळ सकाळची निवडा. पहाटेपासून मतलई वारा जमिनीकडून वाहतो, पाणी शांत असते. दुपार होत आली की खारे वारे सुटतात आणि लाट उभी राहू लागते. आंग्र्यांची गलबतेही मतलईवर बाहेर पडत आणि खाऱ्यावर घरी येत. उधाणाचे दिवस टाळून भांगाचे दिवस घ्यावेत. ज्येष्ठ-आषाढात तर विचारच नको. नारळी पौर्णिमेला मालवणच्या बंदरात दर्याला नारळ अर्पण होतो, त्याच्या आधी शहाणा माणूस शीड उभारत नाही. अंगात तरंगते जाकीट हवेच. ते अंगरख्याच्या आत घालता येते, मी घातलेले पाहिले आहे, फक्त सरदार थोडे पोटाळू दिसतात. किल्ला हे केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्थळ आहे आणि तटाच्या आत आजही कुटुंबे राहतात. तेथे खेळ करायचा तर लेखी परवानगी घ्या, आणि त्या घरच्या माणसांनाही एक शब्द विचारा.

राहता राहिला प्रसंग. लढाई कोणीही करून दाखवतो. आरडाओरडा झाला, तलवारी खणखणल्या, चार जण पडले की टाळ्या. माझ्या मते याहून चांगला प्रसंग दस्तक तपासण्याचा आहे. एक व्यापारी तारू संथपणे चालले आहे. एकाएकी खडकाआडून गलबत निघते आणि त्याला आडवे होते. शिंग वाजते. शीड उतरते. आता दोन्ही नावांवर कोणी बोलत नाही, कारण पुढे काय होणार ते एका कागदावर आहे. मग गलबतावरून आवाज येतो,

“तांडेलानू, खंयसून इलास?”

“वेंगुर्ल्यासून, मालक. काथो आनि नारळ भरलेले आसत.”

“दस्तक आसा?”

येथे थोडा वेळ थांबावे. तांडेल कमरेचा कसा सोडतो, आतून मेणकापडाची गुंडाळी काढतो. ती ओली झाली आहे का? शिक्का दिसतो का? मुदत संपली तर नाही ना? वाचणारा कारकून ती उन्हाकडे धरून वाचत राहतो, आणि कडेला जंबुऱ्यावर हात ठेवून उभा असलेला मुलगा त्याच्या तोंडाकडे पाहत राहतो. कारकुनाने मान डोलावली तर आरमार. नाही डोलावली आणि तरीही नारळाची दोन पोती उचलून घेतली, तर चाचे. दोन्ही शेवट बसवून ठेवावेत आणि कोणता करायचा ते त्या दिवशी नावेवरच्या मुलांना ठरवू द्यावे.

यासाठी सामान फार लागत नाही. दोन होड्या, एक शिंग, वीस हात काथ्याचा दोर आणि एक चांगल्या अक्षरात लिहिलेला कागद. कागद मोडी लिपीत लिहून घ्यावा. मोडी जाणणारी माणसे अजून गावोगावी सापडतात, आणि विचारायला गेलात तर बहुधा चहा पाजूनच सोडतात.